गाडीत खोटच नाही

हॅलो?… हॅलो, कोण?… अगं चिमे, तू होय! थांब, तोंडात चिमटे आहेत, कपडे वाळत घालतेय… हां, काढले. बोल.

काय?… कुठे उभी आहेस?… अगं हळू, एका दमात सगळं ओकू नकोस…

हो, हो… अगं ऐक ना… माझं ऐकून तर घे! गाडी बंद पडली का?… नाही. टायर बसला?… तोही नाही. मग मोटरहोम रस्त्याच्या कडेला लावून तिघंही खाली कशाला उतरलाय?

समोरचे दिवे दाखवतात? कोण समोरचे?… हं… हं… आणि मग हातवारे करतात. बरं. आणि तुझे नवरोबा, आमचे दाताचे डॉक्टर, काय म्हणतात?… दर वेळी उतरून गाडीखाली बघतात? अगं, त्यांना गाडीच्या पोटात काय दिसणार, कीड?… बरं बाई, नाही हसत.

पायरी आत घेतलीय?… मागचा सायकलींचा स्टँड?… वरची खिडकी?… मग कशाला जीव टांगणीला लावतेस? सगळं जागच्या जागी आहे.

काय म्हणालीस? परत म्हण… "ताई, तू आमच्या गळ्यात खटारा मारलास"? चिमे, जीभ आवर हं! सख्ख्या धाकट्या बहिणीला कोणी खटारा देतं का? आणि द्यायचाच असता तर सांगून दिला असता. मी काय भिते तुला?

एक सांग मला. ते दिवे दाखवणारे कशात बसले होते?… मोटरहोममध्येच ना? आणि गाडीच्या नाकावर कासव होतं का? सोनेरी, बशीएवढं? तुझ्या गाडीवर आहे तसं?… लक्ष नाही दिलंस. बरं, दिवे दोनदा लुकलुकले का?… आणि मग काचेपाशी असा पंजा?… सगळ्यांनी तसंच केलं?

अगं माझे बाई!… थांब, हसू दे जरा… अगं, नमस्कार होता तो! नमस्कार!

हो, तुम्हालाच. दुसऱ्या कोणाला करणार?… कासववाल्यांची पद्धत आहे ती. त्या कंपनीची गाडी असली की रस्त्यात एकमेकांना करायचा. दोनदा दिवे, एकदा पंजा… कुठे लिहिलेलं नाही गं, कंपनीलासुद्धा ठाऊक नसेल. पण करतात… हो, अनोळखीच. ओळखीचे असते तर रस्त्यात गाड्या आडव्या लावून गप्पाच मारत बसले असते.

सांगायचं राहिलं खरं. आम्हाला त्याची इतकी सवय की श्वास कसा घ्यायचा ते कोणी कोणाला सांगतं का, तसं झालं… बरं, तू काय केलंस, त्यांनी हात केल्यावर?… करकचून ब्रेक! आणि डॉक्टर उडी मारून चाकं तपासायला! अगं, काय म्हटलं असेल त्या लोकांनी? आपण नमस्कार केला आणि समोरचा घाबरून गटाराकडे वळला!

कोण?… सासूबाई?… पुढच्या सीटवरून?… सगळ्यांना हात करत होत्या? पहिल्यापासून?… घ्या! अख्ख्या गाडीत अक्कल निघाली ती एकाच माणसाकडे! त्यांना काय वाटलं होतं?… "लोक किती प्रेमळ आहेत इकडचे"… बघ. आणि तू गाडीला खटारा म्हणतेस.

गेला ना राग आता?… अजून नाही? आणखी काय राहिलं?

न्हाणीचं दार… ते अडकत नाही गं, ते रुसतं. खालच्या कोपऱ्यात पायाच्या अंगठ्याने दाब आणि वर उचलून ओढ… शेगडी पेटत नाही? आधी पाण्याचा नळ सोडायचा, बंद करायचा, मग शेगडी पेटवायची… काय संबंध ते मला नाही माहीत. तुझ्या भावोजींना माहीत… आणि वरची खिडकी गळते. डाव्या उशीवर ना? ती माझी जागा! इतकी वर्षं ती टपटप माझ्या कपाळावर झेललीय मी. म्हणूनच तर ह्यांना म्हटलं, बास झालं, चौथी गाडी दुसऱ्या कंपनीची. आणि बरोबरच म्हटलं.

हो, आधीच्या तिन्ही कासवच. पहिलीचा तळ गंजला. दुसरीचं दार पुलावर निखळून पडलं, आणि हे ते डोक्यावर घेऊन मागून चालत आले. तिसरी तुझ्याकडे… का घेतल्या, ते आता काय सांगू! शिव्या द्यायच्या आणि परत त्यांच्याच दारात जाऊन उभं राहायचं. पण दुसऱ्या कोणी कासवाला नाव ठेवलं की तुझे भावोजी अंगावरच जायचे. घरच्या माणसाला आपण काय वाटेल ते बोलू, शेजाऱ्याने बोलायचं नाही. तसं होतं ते.

चिमे… ऐक. तुला एवढा ताप होतोय ना त्या गाडीचा? मग अदलाबदल करू या. तू माझी नवी घे. मला म्हातारी परत दे.

अगं म्हातारी म्हणजे गाडी! आम्ही तिला म्हातारी म्हणतो! तुझ्या सासूबाई नव्हेत!… त्यांनी ऐकलं? कसं ऐकलं?… फोन स्पीकरवर आहे? मघापासून? चिमे, बंद कर आधी तो!… नमस्कार हो, तुम्हाला नाही म्हटलं मी… झाला बंद? नक्की?

नाही, वर काही द्यायला नको. चावीला चावी.

संशय? त्यात संशय कसला?… नवी छान आहे गं. थेंब गळत नाही. पलंगावर चढायला शिडी नाही. नुसतं बोट लावलं की आत ऊब. दारं तर अशी लागतात, लागली की नाही ते हात लावून बघावं लागतं… मग का देते? असंच. मला तो… रंग नाही आवडला तिचा.

बरं, खोटं. तुझ्यापुढे कधी टिकलंय माझं खोटं?

थांब. जरा झाडापलीकडे जाते. हे तिकडे खुर्चीत बसलेत, कान तिखट आहेत.

हां. तुझ्या भावोजींचं काही खरं नाही गं.

नाही, नाही, तब्येत चांगली आहे. गुडघे काय, ते आहेतच… बसून असतात. नुसते. सकाळी उठतात, स्क्रू-ड्रायव्हर घेऊन सगळ्या गाडीतून फिरतात, इकडे दाबून बघ, तिकडे ठोकून बघ. काही सापडत नाही. मग स्क्रू-ड्रायव्हर खिशात, आणि हे खुर्चीत. समोर तळं आहे, तळ्याकडे बघतात. मी म्हटलं, काय बघताय? म्हणाले, पाणी. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केलेला माणूस, चिमे. घरी असताना शेजाऱ्यांच्या पंख्याचा आवाज बदलला तरी ह्यांना चैन पडायचं नाही. आता ही नवी बया काही मोडतच नाही. करायचं काय माणसाने?

आणि तो नमस्कार. दिवे मी लावायचे, पंजा ह्यांचा. आयुष्यभर शाळेची बस चालवली मी, त्यामुळे स्टिअरिंग माझ्याकडेच. नवी घेऊन पहिल्यांदा निघालो आणि समोरून कासव आलं. मी सवयीने दिवे लावले, ह्यांनी सवयीने हात वर केला. तो सरळ पुढे बघत निघून गेला. पुढचाही. त्याच्या पुढच्याने तर हॉर्न मारला, म्हणजे काय रे बाबा, दिवे कशाला मारतोस डोळ्यांत… हो ना. आमच्या नाकावर आता निळी पट्टी आहे, त्यांना काय कळणार? मग ह्यांनी हात खाली घेतला आणि मांडीखाली ठेवला. बसले तसेच, हातावर. मला रस्ता दिसेना गं दोन मिनिटं.

निळ्या पट्टीवाल्यांचं? छे! ते एकमेकांकडे बघतसुद्धा नाहीत. त्यांच्या गाड्या बिघडत नाहीत ना. कोणाला कोणाचं कामच पडत नाही. इथे गाड्यांच्या तळावर कासववाले तिकडे एकत्र लागलेत, एकाच्या गाडीखाली चौघांचे पाय बाहेर, हशा चाललाय. आणि आमच्या शेजारचा निळा पडदे ओढून बसलाय.

आणि परवा तर कहरच झाला. त्या निळ्या कंपनीतून एका मुलीचा फोन आला. गाडी घेतलेल्यांना करतात, समाधानी आहात का म्हणून. एक ते दहामध्ये गुण द्या. पलंग? दहा. ऊब? दहा. पाण्याची टाकी, दिवे, दारं, सगळं दहा. विक्रीनंतरची सेवा? "गरजच नाही पडली हो, दहा लिहा." ती पोरगी खूश. मग शेवटी विचारलं, पुढची गाडी आमचीच घेणार ना? हे म्हणाले, नाही.

नाही म्हणाले! तिला वाटलं ऐकण्यात चूक झाली. परत विचारलं. परत नाही… अगं पुढे ऐक ना. ती म्हणे, मग नातेवाइकांना सुचवाल का? हे म्हणाले, हो, अवश्य, सगळ्यांना सांगतो, उत्तम गाडी आहे. शेवटी म्हणाली, काका, गाडीत काही खोट आहे का, सांगा ना. तर हे म्हणतात, "नाही ना बाळ, तेच तर म्हणतोय."

हस तू. मीही हसले तेव्हा. पण काल, चिमे, मी आंघोळीला गेले आणि अर्ध्यातून साबण घ्यायला बाहेर आले. तर हे गुडघ्यांवर बसून कपाटाच्या दाराची बिजागरी सैल करत होते. चांगली घट्ट असलेली. मी म्हटलं, अहो हे काय? तर चोरी पकडल्यासारखे लाल झाले आणि म्हणाले, "परत आवळणार होतो."

शिट्टी ऐकली नाही मी त्यांची, गाडी बदलल्यापासून. लग्न झालं तेव्हा वैताग यायचा मला त्या शिट्टीचा. उठता-बसता शिट्टी. आता भीती वाटते गं. माणूस असा बसूनच राहिला की बसतच जातो. म्हणून म्हटलं, दे मला तो खटारा परत. गळू दे कपाळावर. छत्री घेऊन झोपेन.

काय?… नाही म्हणजे?… आत्ता तर शिव्या देत होतीस तिला!… चिमे, हा कुठला न्याय?

हं… हं… सासूबाई?… कधीपासून?

खरंच?… तुझ्याशी? स्वतःहून?

अगं, पण त्या तर तुझ्याशी "मीठ दे" एवढंच बोलायच्या ना? तेही भिंतीकडे बघून… हं… सासरे गेल्यापासून खोलीतून बाहेर येत नव्हत्या, ते माहीत आहे मला… आणि आता सकाळी तयार होऊन सर्वांच्या आधी पुढच्या सीटवर?… "सूनबाई, आज किती भेटतील गं आपल्याला?" असं विचारतात?… तुझ्याकडे बघून हसल्या?

हो. कळतंय मला… कळतंय म्हटलं ना!

नाही, रागावले नाहीये… बरं, रागावलेय! लहानपणापासून तुझं हेच. माझी वस्तू आधी नावं ठेवून घ्यायची आणि मग परत द्यायच्या वेळी छातीशी धरायची. माझा निळा स्वेटर आठवतो? टोचतो, टोचतो म्हणून रडलीस आणि कोपरं फाटेपर्यंत घातलास!

राहू दे. नको समजूत काढूस. ठेव तू गाडी… नाही, मनापासून म्हणतेय. तुझ्या घरात बोलणं सुरू झालंय, ते मी कशाला बंद पाडू? सासूबाईंना म्हणावं, करा नमस्कार. आमच्या वाटचाही करा.

अं? काय करू म्हणजे? मी काय करणार? मला काय लिफ्ट आणून बसवता येतेय इथे त्यांच्यासाठी?

थांब. चिमे, तू नक्की कुठे आहेस आत्ता?… पुलाच्या अलीकडे? पेट्रोल पंपासमोर? अगं, मग जवळच आहात! आम्ही तळ्यापाशी आहोत, पुढच्या वळणावरून आत. अर्धा तास नाही लागणार.

मोड काहीतरी.

मोड म्हटलं. गाडीतलं काहीतरी मोड… वेड नाही लागलंय! ही नवी मोडत नाही तर म्हातारी मोडू या! ते येतील, दुरुस्त करतील, खुशीत परत येतील. दर रविवारी काहीतरी मोडत जा, एवढं काय कठीण आहे?… अगं, मोठं नको. ब्रेकला हात लावू नकोस! बेसिनखालचं कपाट उघड. पांढरा पाइप दिसतोय? त्याला लोखंडी कडं आहे. त्याचा स्क्रू थोडासा फिरव. दोन आटे. थेंब थेंब यायला हवं, बास.

डॉक्टर काय म्हणतायत?… "चांगली गाडी कशाला बिघडवायची?" मघाशी खटारा होती ना! म्हणावं, चांगला दात कोरून कोरून आयुष्य काढलंत, एक स्क्रू फिरवताना हात कापतो तुमचा?… बरं, बरं, नको सांगूस.

मग तू फिरव… अगं, उलट्या बाजूला. घड्याळाच्या उलट… नाही फिरत? जोर लाव… कोण आलं?

सासूबाई? कुठे वाकल्या?… त्यांना कसं कळलं?… स्पीकर बंद केला म्हणालीस ना तू!… म्हणजे त्यांनी सगळं, अगदी भिंत, मीठ, सगळं… अगं आई गं.

काय म्हणाल्या?… "सरक, तुला स्क्रू-ड्रायव्हर धरता येत नाही. गाडी परत जाता कामा नये." वा! शाब्बास! त्यांना कोण म्हातारी म्हणेल!

झालं?… थेंब येतोय?… धार?… किती मोठी धार?… अहो बाई, दोन आटे म्हटलं होतं मी, अख्खा स्क्रू नाही! बादली लाव खाली! बादली नसेल तर पातेलं लाव! डॉक्टरांना म्हणावं, पंपाचं बटण बंद करा, दाराजवळचं लाल… ते दिव्याचं! त्याच्या शेजारचं!

धीर धर. बोलावते त्यांना. हसू नकोस, खरी घाबरल्यासारखी बोल… बरोबर, खरीच घाबरलीयेस, चांगलं आहे.

अहो!… अहो, ऐकलंत का? चिमीचा फोन आहे. म्हातारीत पाणी भरतंय!… बेसिनखालून म्हणतेय!… मला काय विचारता, मला काय कळतं त्यातलं?

चिमे, उठले. "मला माहीतच होतं" म्हणतात. "ते कडं पहिल्यापासून चावट आहे" म्हणतात… अगं, गुडघ्याला हात न लावता उठले! विचारतायत, धार पाइपच्या वरून येतेय की खालून?… वरून. वरून हो!… "कोणी हात लावू नका." ऐकलंस? हात लावू नका म्हणतायत कोणी. डॉक्टरांनी तर मुळीच नाही.

पिशवी काढली. पाने… पक्कड… रबराच्या चकत्यांचा डबा. तो डबा मी फेकून दिला होता गं, ह्यांनी कधी परत आणला कोणास ठाऊक. विजेची तार काढली. पायरी आत. वरची खिडकी लावली… हे काय? अहो, मला काय देताय?… दोरी. आरशाला बांधली होती ना वाळत घालायला, ती सोडून माझ्या हातात दिली. कपड्यांसकट. "घट्ट धर, जमिनीला लागू देऊ नकोस" म्हणतात.

चिमे.

श्श… ऐक. ऐकू येतंय का तुला?… फोन तिकडे धरते.

आली ना?… हो. शिट्टी. अजूनही बेसूरच आहे गं मेली… नाही, रडत नाहीये. ओला टॉवेल आलाय तोंडावर.

अहो! अहो, मी ह्या बाजूला आहे! थांबा, मी चालवते!… अहो!

गेले.

गेले गं चिमे! मला न घेताच!… अगं खरंच! फाटकातून वळलेसुद्धा! तार काढली, पायरी घेतली, खिडकी लावली, चाकं बघितली, सगळं तपासलं, आणि बायको राहिली खाली!… हसा, हसा, सासूबाईंनाही हसू दे. एका हातात दोरी, एका हातात फोन, आणि शेजारचा निळा पडदा सरकवून बघतोय. पहिल्यांदा सरकला आज तो पडदा… काही नाही हो, आमचे हे जरा कामाला गेलेत!

हाक? छे, नाही मारत. हाक मारली तर थांबतील ना ते.

ऐक, पोचले की कड्याचा स्क्रू गेलाय ते लगेच सांगू नकोस. आधी त्यांनाच शोधू दे. स्क्रू कुठाय?… सासूबाईंच्या मुठीत? तिथेच राहू दे… आणि माझं नाव काढू नकोस त्यांच्यासमोर. ताई कुठे राहिली वगैरे काही विचारायचं नाही. आपोआप आठवेल तेव्हा आठवेल.

अगं, आज नाही आठवलं तरी चालेल मला… हो. खुर्ची आहे ना इथे त्यांची, बसते मी तिच्यात. चल, ठेव आता. तिकडे पातेलं भरलं असेल.